वाडा की आखाडा: वसमत तालुक्यातील एका शेतघराचे प्रकरण

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली, परभणी आणि नांदेड या जिल्ह्यांना ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला आणि त्याचा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात नोंदवला गेला. त्याच वर्षी २१ मार्चला याच भागात तेवढाच धक्का बसून गेला होता आणि पत्र्यांवर ठेवलेले दगड उतरवून ठेवा, असे आवाहन प्रशासनाने तेव्हा केले होते. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि भोवतालच्या गावांना जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांची वर्षानुवर्षांची सवय असल्यामुळे मार्चमध्ये माझ्या आजोळी कोणी फारसे मनावर घेतले नाही. जुलैच्या धक्क्यानंतर मात्र शेतातील जुन्या घराची पश्चिमेकडील भिंत बाहेरच्या बाजूने फुगलेली दिसली, कोपऱ्यात हाताचे बोट जाईल एवढी फट पडली, आणि तिन्ही मामांनी बऱ्याच वर्षांनी एकमताने एक गोष्ट केली, ती म्हणजे मला बोलावून घेतले.

मी व्यवसायाने बांधकाम अभियंता आहे. पण माझे बहुतेक आयुष्य शहरातील सिमेंटच्या इमारतींत गेले असल्यामुळे दगड, माती आणि सागवान यांच्याबद्दलचे माझे ज्ञान पुस्तकी होते, हे आधीच सांगितलेले बरे. प्रश्न वरवर सोपा होता: घर पाडायचे की राखायचे. थोरल्या मामांचे म्हणणे असे की दोनशे वर्षांचा वाडा आपल्या हयातीत पाडला, असे आपल्या नावावर नको. मधले मामा शहरात राहतात. त्यांना वाटत होते की रस्त्याच्या कडेला स्लॅबचे तीन खोल्यांचे घर बांधावे आणि या दगडांचा पाया करावा. धाकटे मामा प्रत्यक्ष शेती करतात, आणि त्यांना वाड्याशी किंवा स्लॅबशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना हळद शिजवायला, वाळवायला आणि पोत्यांत भरून ठेवायला कोरडी जागा हवी होती.

नावाचा घोळ

कुटुंबातील सगळे या वास्तूला वाडा म्हणतात, तर गावातील सगळे आखाडा म्हणतात. परभणी, हिंगोली आणि नांदेड भागात आखाडा म्हणजे कुस्तीचा हौद एवढाच अर्थ नाही. शेतात जनावरे, अवजारे, कडबा आणि सालगडी यांच्यासाठी उभारलेला निवारा म्हणजे आखाडा. वाडा ही गावातील गोष्ट आहे. तो गल्लीच्या तोंडाशी असतो आणि त्याच्या दरवाजावरून घराण्याची पत ठरते. हे ठिकाण गावापासून दीड-दोन किलोमीटरवर, काळ्या रानाच्या काठाशी असलेल्या मुरमाड उंचवट्यावर आहे. उंचवटा का निवडला, हे पाया उकरल्यावर कळते: काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात-हात खोल भेगाळते आणि तिच्यावर उभी केलेली भिंत टिकत नाही. ज्याने ही जागा निवडली त्याला माती कळत होती आणि चांगल्या पिकाऊ जमिनीचा तुकडा बांधकामात घालवायचा नाही, एवढा हिशेबही होता.

नावाचा हा घोळ मी सुरुवातीला बाजूला ठेवला, पण पुढे सगळा निर्णय त्याच्यावरच येऊन थांबला. वाडा म्हणून पाहिले तर ही वास्तू सामान्य आहे, कारण तिला नक्षीदार खांब नाहीत, चौक नाही, भिंतींवर चित्रे नाहीत. आखाडा म्हणून पाहिले तर तिच्यातील एकही भाग कारणाशिवाय नाही.

वय ठरवताना

दोनशे वर्षांच्या कथेला थोरल्या मामांकडे एकच भौतिक पुरावा होता. प्रवेशद्वाराजवळच्या ढाळजेवर, म्हणजे दाराशी बसायच्या झाकलेल्या जागेवर, एक लहान माडी आहे आणि तिच्या छपरावर मंगलोरी कौले आहेत. त्यांतील एका कौलाच्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत १८६५ असे छापलेले आहे. ते कौल घरात इतके जपले होते की आजोबांच्या मागे ते देवघरात ठेवलेले मी लहानपणापासून पाहत होतो. अडचण अशी की १८६५ हे बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला ते साल आहे आणि कारखान्याने नंतर कित्येक दशके ते आपल्या कौलांवर ठशासारखे वापरले. कौल १९२० साली भाजलेले असले तरी त्यावर १८६५च असणार. हे सांगताना मला थोडे वाईट वाटले. मामांनी मात्र शांतपणे विचारले, ‘मग कौल देवघरातून काढायचं का?’ ते अजून तिथेच आहे.

याच माडीच्या जमिनीखाली दोन लोखंडी गर्डर आहेत आणि त्यांतील एकावर डॉर्मन लाँग या इंग्लंडमधील मिडल्सब्रोच्या कारखान्याची उठावदार अक्षरे आहेत. असा गर्डर बैलगाडीवर फार लांबून आणणे व्यवहार्य नव्हते. निजामाच्या रेल्वेचा मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग १९०० मध्ये सुरू झाला आणि पूर्णा जंक्शनपासून वसमतवरून हिंगोलीला जाणारा फाटा १९१२ मध्ये. म्हणजे माडी आणि तिच्याखालची ढाळज १९१२ नंतरची धरणे सर्वांत सयुक्तिक आहे. कौले आणि गर्डर दोन्ही वसमत स्टेशनावर उतरवून शेवटचा टप्पा गाडीने आणले असणार.

कागदपत्रांनी इथे फारशी मदत केली नाही. मराठवाड्यात जुन्या जमिनीचा शोध घ्यायचा तर सेतवार, म्हणजे मोजणीच्या वेळचे जमिनीचे नोंदपत्रक, आणि १९५४-५५ ची खासरा पाहणी, म्हणजे शेतवार पाहणीची नोंद, हेच दोन दस्तऐवज हाती लागतात. त्यांतही आधीच्या काळातील कागद उर्दूत किंवा मोडीत असतात, वर्षे फसली या महसुली सनात असतात आणि वाचणारा माणूस शोधावा लागतो. या सर्व्हे क्रमांकासमोर मोटस्थळ अशी नोंद आहे, म्हणजे विहीर तेव्हा चालू होती आणि तिच्यावर बागाईत होते. घराचा मात्र त्यात उल्लेख नाही, कारण महसुलाला शेताशी मतलब होता, घराशी नव्हता.

खरा पुरावा भिंतींनीच दिला. राहत्या घराची उत्तरेकडील भिंत गोठ्याला चिकटलेली आहे. मी आधी समजत होतो की घर जुने आणि गोठा नंतर जोडलेला, कारण घराचे दगड घडीव आहेत आणि गोठ्याचे ओबडधोबड. फुगलेल्या भिंतीजवळचा गिलावा खरवडल्यावर दोन्ही भिंतींच्या मध्ये खालपासून वरपर्यंत एकच सरळ सांधा दिसला. दोन भिंती एकाच वेळी बांधल्या असत्या तर दगड एकमेकांत गुंफले गेले असते. शिवाय गोठ्याच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगावर, म्हणजे आता घराच्या भिंतीआड दडलेल्या बाजूवर, पावसाने धुपलेल्या जुन्या गिलाव्याच्या खुणा होत्या. म्हणजे गोठा काही पावसाळे एकटा, उघड्यावर उभा होता. थोडक्यात, या कुटुंबाने जनावरांच्या डोक्यावर छप्पर आधी घातले आणि स्वतःसाठी नंतर. मधल्या काळात माणसे गावात राहत असणार आणि रात्री कोणीतरी एक जण आखाड्यावर वस्तीला येत असणार. याहून अधिक नेमके साल मला सांगता येणार नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

रचना

सर्वांत आधी विहीर आहे, असे मी मानतो, कारण पाणी लागल्याशिवाय इथे कोणी दगड रचला नसता. ती चौकोनी, चुन्यात बांधलेली असून तिच्यावर दोन मोटांची सोय आहे. मोटेचे पाणी पडायचे दगडी थारोळे, त्यातून निघणारा पाट आणि बैलांनी मागे-पुढे चालायची उतरती धाव, हे सगळे अजून जागेवर आहे. थारोळ्याच्या कडेवर सोलाने, म्हणजे मोटेच्या दोराने, कापलेली घळ इतकी खोल आहे की तिच्यात तळहात बसतो. विजेचा पंप आल्यावर धाव निरुपयोगी झाली, आणि पुढे पूर्णा प्रकल्पाचे, म्हणजे येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे, पाणी कालव्याने तालुक्यात आल्यावर विहीर दुय्यम झाली.

गोठा बारा खणांचा आहे. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर, आणि इथे तो सुमारे सहा फुटांचा आहे. खांब बाभळीचे, तासणीने तासलेले. गव्हाण दगडी, दावणीच्या लोखंडी कड्या भिंतीत शिसे ओतून बसवलेल्या. चार खांबांच्या पूर्वेकडील अंगावर लाकूड जळून काळे पडलेले आहे आणि त्यांच्या शेजारचे दोन खांब बाभळीचे नसून कडुलिंबाचे आहेत, म्हणजे नंतर बदललेले आहेत. आजी सांगायची की रझाकारांच्या दिवसांत सगळे कुटुंब पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात उमरखेडकडे गेले होते, आणि सप्टेंबर १९४८ नंतर परतले तेव्हा कडब्याची गंजी राख झाली होती आणि गोठा अर्धा जळला होता. तिच्या सांगण्यात काळाची सरमिसळ होत असे; पण या खांबांपुरते तरी लाकूड तिच्या बाजूने साक्ष देते.

राहते घर सात खण लांब आणि चार खण रुंद, म्हणजे बेचाळीस फूट बाय चोवीस फूट आहे. समोर ओसरी, मागे माजघर, एका टोकाला देवघर आणि दुसऱ्या टोकाला बळद. खांब सागाचे आहेत, आणि या भागात साग म्हटला की तो किनवट-माहूरच्या जंगलाकडून येतो. प्रत्येक खांब दगडी उथळ्यावर टेकलेला आहे, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर लाकडी चिपांचा थर, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि तुराट्या, आणि सर्वांत वर पांढरीची माती. हे झाले माळवद. पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची किंवा गढीची खारवट माती. ती पाण्याने घट्ट बसते, काळ्या मातीसारखी भेगाळत नाही आणि म्हणूनच छपरावर चालते. उजेडासाठी माळवदाला भोक ठेवतात, त्याला इकडे सवणे म्हणतात. माजघरात दुपारी बारा वाजता त्यातून पडणारा उजेडाचा तुकडा हेच आमचे लहानपणीचे घड्याळ होते.

बळदाकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण ते या घराचे पोट आहे. ती दरवाजा नसलेली एक अरुंद कोठडी आहे. ज्वारी खळ्यावरून आणायची, माळवदावर चढवायची आणि वरच्या भोकातून आत ओतायची. माजघराच्या बाजूला जमिनीलगत वीतभर रुंदीचे तोंड आहे, त्यातून लागेल तशी काढायची. जास्तीची ज्वारी प्रवेशद्वाराजवळच्या दोन पेवांत जात असे. पेव मुरमात खोदलेले असते, त्याचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असते, आणि आतून कडबा व तुराट्यांचे अस्तर देऊन ते वरून मातीने बंद करतात. उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी कंदील सोडायचा आणि तो विझला नाही तरच माणूस सोडायचा, हा नियम मामांना अजून तोंडपाठ आहे. बळद, पेव, खळे आणि गंजी या चारही गोष्टी ज्वारीसाठी आहेत. आज या शेतात ज्वारी घरापुरतीच होते. सोयाबीन काढले की आठ दिवसांत मोंढ्यात जाते, हळद बाजारभावाची वाट पाहत पोत्यांत थांबते, कडबा नाही म्हणून बैल नाहीत आणि बैल नाहीत म्हणून गोठा रिकामा आहे. भिंत फुगली तिची सुरुवात मला इथे दिसते.

भिंत का फुगली

पश्चिमेची भिंत म्हणजे बळदाची भिंत. ती अडीच फूट, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर जाड आहे आणि जाडी पाहून कोणालाही ती भक्कम वाटेल. प्रत्यक्षात ती एक भिंत नसून दोन आहेत: बाहेरच्या बाजूला घडीव दगडांचा एक पापुद्रा, आतल्या बाजूला दुसरा आणि मध्ये माती व दगडांच्या तुकड्यांची भर. या दोन पापुद्र्यांना बांधून ठेवणारे, आरपार जाणारे लांब दगड तिच्यात जवळजवळ नाहीतच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो घरे याच दोषाने पडली. बाहेरचा पापुद्रा बाहेर कोसळला, आतला झोपलेल्या माणसांवर आला आणि वरची माती त्यावर. त्याच गावांत असेही दिसले की जिथे लाकडी खांब धड होते तिथे भिंती पडूनही माळवद खांबांवर उभे राहिले. दगडमातीच्या बांधकामासाठी त्याच वर्षी निघालेल्या आयएस १३८२८ या भारतीय मानकात भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आणि उंचीत दर ६० सेंटिमीटरला व लांबीत दर १.२ मीटरला आरपार दगड हवा, असे सांगितले आहे.

म्हणून मी आधी खांब तपासले. ओसरीचे आणि माजघराचे मोकळे खांब टोच्याने टोचले तर टणक निघाले. पश्चिमेच्या भिंतीत गाडलेल्या पाच खांबांपैकी तीन बुडाशी वाळवीने पोखरलेले होते. दोनांत टोच्या मुठीपर्यंत गेला. दिसणारे लाकूड ठणठणीत आणि न दिसणारे पोकळ, हे जुन्या घरांत नेहमीचेच.

मग ओल कुठून आली? माळवदाला दरवर्षी पावसाळ्यापूर्वी थोडी माती टाकायची आणि चोपून बसवायची, ही रीत. गळेल त्या वर्षी जास्त टाकायची. जुनी माती कोणी काढत नाही. सवण्याच्या कडेशी छेद घेतला तेव्हा थरांच्या रेघा झाडाच्या वर्तुळांसारख्या मोजता येत होत्या. मध्यभागी जाडी ६५ सेंटिमीटर, कडेला ५० आणि सरासरी सुमारे ५८ भरली. दर घनमीटरला १,६०० किलो धरले तर प्रत्येक चौरस मीटरवर सव्वानऊशे किलोंहून थोडे अधिक, आणि सगळ्या घरावर मिळून सुमारे ८७ टन ओझे. तळाचा मूळ थर तीस सेंटिमीटरच्या आत होता. ओझ्याहूनही वाईट गोष्ट अशी की माती वाढत गेल्यामुळे पाणी बाहेर टाकणारे दगडी पन्हाळे मातीखाली गाडले गेले होते. पाण्याला बाहेर वाट उरली नाही, ते भिंतीच्या माथ्यातून मधल्या भरीत उतरू लागले, तिथे उंदरांनी रिकाम्या बळदाकडून बिळे केलेलीच होती. बळद भरलेले असते तर दरवर्षी कोणीतरी त्यात डोकावले असते आणि ओल पहिल्याच वर्षी कळली असती. भूकंपाने एवढेच केले की वीस-पंचवीस वर्षे चाललेली गोष्ट एका सकाळी सर्वांना दाखवली.

निर्णय आणि काम

मी तिघांना ओसरीत बसवून सांगितले की हा दोनशे वर्षांचा वाडा नाही आणि पाडण्याजोगा धोंडाही नाही. शेतीच्या गरजेने उभा राहिलेला हा आखाडा आहे, आणि त्याला नवे काम मिळाले तरच तो टिकेल. बंद ठेवून जपलेले माळवद तीन पावसाळ्यांत बसते. थोरल्या मामांना पहिले वाक्य आवडले नाही, मधल्यांना दुसरे; धाकट्यांनी विचारले की हळदीची पोती कुठे ठेवायची. त्या प्रश्नावर चर्चा पुढे सरकली.

मालकीचा प्रश्न वेगळा होता. जमिनीची वाटणी सत्तरच्या दशकात, कमाल जमीनधारणेच्या कायद्याच्या धास्तीने, आजोबांच्या हयातीतच झाली होती. घर मात्र सामाईक राहिले आणि ओसरीत विटांच्या दोन अर्ध्या भिंती घालून तिचे तीन भाग करण्यात आले. या भिंती उथळ्यांना टेकून उभ्या आहेत, त्यांना पाया नाही आणि बांधकामाच्या दृष्टीने त्या निव्वळ धोका आहेत. मी दोन्ही काढायला सांगितल्या.

काम फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू केले, म्हणजे हळद निघून पावसाळ्याआधी मोकळे दिवस मिळतील. आधी तुळयांना खालून टेकू दिले आणि मग माती उतरवली, कारण उलट क्रमाने केले तर एका बाजूचे ओझे कमी होताच दुसरी बाजू कलते. अठरा सेंटिमीटर माती ठेवली. सगळी काढून पत्रे टाका, असे मधल्या मामांचे म्हणणे होते. पण मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याखाली माणूस काय, हळदसुद्धा ठेवू नये. राखलेल्या मातीखाली जलरोधक कापड अंथरले आणि पन्हाळे नव्या पातळीवर बसवले. पश्चिमेची भिंत पूर्ण उतरवून त्याच दगडांत ४५ सेंटिमीटर जाडीची बांधली. उरलेल्या भिंतींना ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरले, कोपऱ्यांना जाळी मारली आणि खांब-तुळयांच्या सांध्यांत तिरपे लाकडी आधार दिले. किल्लारीनंतर लातूर भागात घरे मजबूत करताना हेच उपाय सांगितले गेले होते. मी नवे काही केले नाही. गवंडी मात्र पहिले दोन दिवस नाराज होता, कारण बारीक भिंत मजबूत कशी, हे त्याला पटत नव्हते.

गोठ्यात आता हळदीची पोती आहेत आणि धावेच्या उतारावर शिजवलेली हळद वाळत पडते. तिचा उतार पाणी निथळायला इतका सोयीचा निघाला की धाकट्या मामांनी तिच्यावर कोबा करून घेतला. मोटेची जुनी वाट अशी झाकली गेली, याचे मला थोडे वाटले, पण मी बोललो नाही. पेवे दगडी झाकण लावून बंद केली. बळदाच्या वरच्या भोकावर लोखंडी जाळी बसवली आणि खालचे तोंड उघडे ठेवले, म्हणजे आत ओल आली तर दिसेल.

ओसरीतील दोनपैकी एक वीटभिंत निघाली. दुसरी थोरल्या आणि मधल्या मामांच्या हिश्श्यांच्या मध्ये आहे. तिच्यावर अजून बोलणे झालेले नाही, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी जाळी मारून सिमेंटचा गिलावा केला आहे.

माळवदावरून उतरवलेली माती सोळा ट्रॉल्या भरली आणि पांढरी जमिनीला चांगली म्हणून धाकट्या मामांनी ती विहिरीजवळच्या वाफ्यांत पसरली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात देवघराच्या कोपऱ्यात एक थेंब गळत होता. मामींनी १८६५ चे कौल उचलून कोनाड्यात ठेवले आणि त्याच्या जागी घमेले. दुसऱ्या दिवशी वर चढून पाहिले तर नव्या पन्हाळ्याच्या बुडाशी चुना भरायचा राहिला होता.